शहराचा दहा वर्षांचा तंत्रज्ञान आराखडा: सल्लागार नेमताना निविदेत काय असावं?

रामबाग_इंदूर (प्रश्न)

आमच्या भागातल्या पार्षदांसाठी (नगरसेवकांसाठी) एक टिपण तयार करते आहे. विषय असा: इंदूरच्या आकाराच्या नगर निगमने पुढच्या दहा वर्षांच्या तंत्रज्ञानाच्या गरजांचा आराखडा बाहेरच्या सल्लागाराकडून करून घ्यायचा ठरवलं, तर तो नेमावा कसा?

८५ वॉर्ड आहेत. मालमत्ता कर आणि जलकर राज्याच्या ई-नगरपालिका पोर्टलवर, तक्रारी निगमच्या ३११ अ‍ॅपवर, शिवाय राज्याच्या १८१ हेल्पलाइनवर. इमारतींच्या नकाशांची मंजुरी राज्याच्या एबीपीएएस या ऑनलाइन प्रणालीवर, जन्म-मृत्यू नोंदणी केंद्राच्या पोर्टलवर. कचरागाड्यांना जीपीएस, चौकांत कॅमेरे, आणि स्मार्ट सिटीच्या काळात उभं राहिलेलं नियंत्रण केंद्र. प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा, कराराची मुदत वेगळी.

मला हे हवं आहे: निविदेआधी निगमने काय तयारी करावी, तांत्रिक गुण कशाला द्यावेत, खर्चाचा अंदाज कसा काढावा, आणि अशा कामात नेमकं बिघडतं कुठे. ‘चांगला सल्लागार घ्या’ एवढं पार्षदांना सांगून भागणार नाही, त्यांना परिषदेत विचारता येतील असे प्रश्न हवेत.

---

निविदा_कक्ष

ताई, सुरुवात निविदेपासून करू नका. आधी सहा ते आठ आठवडे निगमच्या आतलं काम आहे, आणि ते सल्लागारावर ढकललं की पहिले दोन महिने आणि जवळजवळ तिसरा हिस्सा पैसे त्यातच जातात. शिवाय बाहेरच्या माणसाला प्रत्येक शाखा वेगळं उत्तर देते.

हे काम म्हणजे करारांची नोंदवही. प्रत्येक प्रणालीसाठी एक ओळ: ठेकेदार कोण, करार कधी संपतो, वार्षिक देखभाल किती, सोर्स कोड कोणाकडे, डेटा कुठे ठेवलाय, अ‍ॅडमिन पासवर्ड कोणाच्या हातात, करार संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळणार. त्यात लीज लाइन आणि गाड्यांच्या जीपीएसमधली सिमकार्डंसुद्धा घ्या. सिमचं बिल एका शाखेतून आणि जीपीएसचं दुसऱ्या शाखेतून जातं, म्हणून भंगारात गेलेल्या गाडीचं सिम चालूच राहतं. झोन कार्यालयांतल्या संगणकांची यादी वयासकट करा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्यावर चालणारी काउंटरची यंत्रं ही ‘दहा वर्षां’ची बाब नाही, या वर्षीची आहे.

दुसरी गोष्ट, निगमकडून एक जबाबदार अधिकारी नावानिशी नेमा. अपर आयुक्त दर्जाचा हवा. संगणक शाखेच्या प्रभारीला महसूल, जलप्रदाय आणि लेखा शाखांकडून माहिती मागवून घेता येत नाही. तो पत्रं पाठवत राहतो आणि सल्लागाराला मुदतवाढीचं आयतं कारण मिळतं.

‘दहा वर्षं’ हा शब्दही निविदेत फोडून लिहा. दिशा दहा वर्षांची, कार्यक्रम पाच वर्षांचा, आणि रकमेसकट तपशील पहिल्या दोन वर्षांचा. यूपीएसच्या बॅटऱ्या साधारण तीन-चार वर्षं टिकतात, सर्व्हर पाच ते सात, जमिनीखालची फायबर वीसेक. सगळ्यांना एकच दहा वर्षांची फूटपट्टी लावलेला आराखडा तिसऱ्या वर्षी कोणी उघडत नाही.

खर्चाचा अंदाज मनुष्य-महिन्यांवर काढा, म्हणजे किती माणसं किती महिने लागतील त्यावर. पाच महिन्यांच्या कामासाठी एक उदाहरण देतो, दर मी गृहीत धरलेत, तुमच्याकडच्या अलीकडच्या निविदांवरून बदलून घ्या. टीम लीडर ५ महिने ४ लाखांनी, प्रणाली रचनाकार ५ महिने साडेतीन लाखांनी, नगरपालिका महसूल-लेखा तज्ज्ञ ४ महिने ३ लाखांनी, जीआयएस (संगणकीय नकाशे) तज्ज्ञ ३ महिने आणि नेटवर्क-कॅमेरा तज्ज्ञ ३ महिने, दोघे अडीच लाखांनी, सायबर सुरक्षा २ महिने ३ लाखांनी, प्रशिक्षण आणि मनुष्यबळ २ महिने अडीच लाखांनी, आणि दोन विश्लेषक मिळून १० महिने सव्वा लाखांनी. एकूण ३४ मनुष्य-महिने, ८८ लाख. हा तक्ता फाइलवर असेल तर कोणी २५ लाखांची बोली लावली तेव्हा ‘यात माणसं किती आणि किती दिवस?’ असं लेखी विचारता येतं.

जीएसटीची एक बारकाई. राज्यघटनेच्या कलम २४३-डब्ल्यू खालच्या (नगरपालिकांकडे सोपवलेल्या) कामांसाठी स्थानिक संस्थेला दिलेली निव्वळ सेवा करमुक्त आहे. पण १ जानेवारी २०२२ पासून ही सवलत सरकारी कंपन्यांना राहिलेली नाही. म्हणजे तेच काम निगमऐवजी स्मार्ट सिटी कंपनीमार्फत काढलं तर १८ टक्के वर जाऊ शकतात. निविदापूर्व बैठकीतच कर सल्लागाराचं मत जोडा आणि बोलींची तुलना करावाचून करा.

आता गुण. मी असे ठेवीन: मुख्य माणसं ४५, कामाची पद्धत २५, संस्थेचा अनुभव २०, सादरीकरण १०. पात्रतेची रेषा ७०. बहुतेक निविदांत हे उलटं असतं, उलाढाल आणि संस्थेचं नाव यांवरच निम्मे गुण जातात. उलाढालीची अट ५० किंवा १०० कोटी ठेवली की मोजक्याच मोठ्या संस्था उरतात, आणि त्या इथे पाठवतात ती माणसं नुकती शिकून आलेली. तुम्हाला आराखडा लिहून देणार आहेत ती माणसं, म्हणून गुणही माणसांना द्या.

दर्जा आणि खर्चाच्या वजनाचं प्रमाण पार्षदांना आकड्यांनी समजवा. ‘अ’ला तांत्रिक ८८ गुण, बोली ९० लाख. ‘ब’ला ७८, बोली ६० लाख. सर्वांत कमी बोलीला १०० वित्तीय गुण, म्हणून ‘ब’ला १०० आणि ‘अ’ला ६६.६७. प्रमाण ७०:३० (७० टक्के वजन तांत्रिक गुणांना, ३० टक्के वित्तीय गुणांना) ठेवलं तर ‘अ’ ८१.६, ‘ब’ ८४.६, ‘ब’ जिंकतो. ८०:२० ठेवलं तर ‘अ’ ८३.७, ‘ब’ ८२.४, ‘अ’ जिंकतो. नुसत्या या एका ओळीवर निकाल फिरतो, म्हणून ती कोणी आणि का ठरवली हे परिषदेत विचारायलाच हवं.

---

लेखा_परीक्षण_माळवा

वरचं गणित बरोबर आहे, पण ८०:२० ने प्रश्न सुटत नाही. त्यात तिसरा बोलीदार घाला: ‘क’, तांत्रिक ७६, बोली २५ लाख. आता वित्तीय १०० ‘क’ला, ‘अ’ला २७.८, ‘ब’ला ४१.७. प्रमाण ८०:२० असूनही ‘क’ ८०.८, ‘अ’ जेमतेम ७६, ‘ब’ ७०.७. पडेल भावाची एक बोली सगळं मोडते. ‘क’ एवढी कमी बोली का लावतो? कारण पुढच्या खरेदीची विनिर्देशं त्याच्या हातून लिहिली जाणार असतात.

माझं मत ठाम आहे: असल्या कामाला निश्चित अंदाजपत्रक पद्धत वापरा. निविदेतच लिहा की रक्कम ९० लाख, आणि त्या रकमेत ज्याचा तांत्रिक प्रस्ताव सर्वांत वरचा तो नेमला जाईल. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत सल्लासेवेसाठी ही पद्धत दिलेली आहे. निगमला अर्थात राज्याचे भंडार क्रय तथा सेवा उपार्जन नियम लागू, म्हणून आधी वित्त शाखेचं लेखी मत घ्या आणि एमआयसीच्या (मेयर-इन-कौन्सिलच्या) ठरावात पद्धतीचं नाव घाला. नाहीतर लेखापरीक्षणात पहिला आक्षेप तोच येतो.

वेळापत्रक अर्थसंकल्पाच्या बाजूने उलटं मोजा. निगमचा अर्थसंकल्प मार्चच्या आत परिषदेपुढे यायला हवा, त्याचे प्रस्ताव शाखांकडून डिसेंबर-जानेवारीत मागवले जातात. म्हणजे रकमांचा तक्ता डिसेंबरच्या मध्याला हाती हवा. निविदा मेमध्ये, उघडणी जूनमध्ये, कार्यादेश जुलैच्या मध्याला, मग पाच महिने. अहवाल एप्रिलमध्ये आला तर एक पूर्ण वर्ष वाया. शिवाय मागची नगरीय निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली, पुढची २०२७ च्या मध्याला येते. तोच महिना कार्यादेशाचा ठेवला तर आचारसंहितेत फाइल अडकते आणि नवी परिषद सगळं पुन्हा मागते.

तक्त्याबद्दलही आग्रह धरा. प्रत्येक कामासमोर भांडवली खर्च, आणि पुढच्या पाच वर्षांचा वार्षिक महसुली खर्च वेगळा: परवाने, देखभाल, वीज, बँडविड्थ, माणसं. दरवर्षीचा हा खर्च मूळ किमतीच्या १५ ते २० टक्के धरून चालावं. आणि हे सगळं निगमच्या लेखाशीर्षांनुसार. सल्लागाराच्या स्वतःच्या ‘स्तंभां’नुसार दिलेला तक्ता लेखा शाखा अर्थसंकल्पात बसवू शकत नाही आणि तो तसाच कपाटात राहतो.

इंदूरसाठी हे जास्तच लागू. फेब्रुवारी २०२३ मध्ये जलूदच्या सौर प्रकल्पासाठी निगमने २४४ कोटींचे हरित रोखे सामान्य गुंतवणूकदारांना विकले. रोखे सूचीबद्ध आहेत, म्हणजे हिशेब ठरल्या मुदतीत बाहेर जावे लागतात. लेखा प्रणाली बदलण्याचा सल्ला येणार असेल तर आर्थिक वर्षाच्या मधोमध बदल नको, आणि किमान तीन महिने जुनी-नवी दोन्ही समांतर चालवायची अट हवी.

---

जीआयएस_आणि_पाणी

निविदेचं वरच्या दोघांनी सांगितलं. मी सल्लागाराने प्रत्यक्ष काय करून दाखवायचं तेवढंच लिहितो, कारण अहवाल जाड असूनही पोकळ निघतात ते इथे.

आधी हद्द आखून घ्या. ई-नगरपालिका राज्याची, एबीपीएएस राज्याचं, १८१ राज्याची. जन्म-मृत्यू नोंदणी २०२३ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या पोर्टलवर. यात निगम स्वतः काही बदलू शकत नाही, फक्त जोडणी मागू शकतो. सल्लागाराने सुरुवातीच्या अहवालातच तीन रकाने करावेत: निगमच्या हातातलं, राज्याशी बोलून होणारं, आणि सोडून द्यायचं. हे न केलेल्या आराखड्यात ‘नवी एकात्मिक कर प्रणाली’ हमखास पहिल्या पानावर असते, आणि भोपाळच्या परवानगीवाचून ती पुढे सरकत नाही.

दुसरं, डेटाची तपासणी, जागेवर जाऊन. पाच वॉर्ड निवडा, जुनी वस्ती आणि नव्या कॉलन्या दोन्ही यायला हव्यात: एखादा राजवाड्याजवळचा, एखादा विजयनगरकडचा, एखादा नंतर हद्दीत आलेल्या गावांचा. प्रत्येकात ५० मालमत्ता चिठ्ठ्या टाकून. प्रत्येकीचं कर खातं, नकाशावरची आकृती, नळजोडणी आणि वीजमीटर जुळतात का ते पाहायचं. एकूण २५० मालमत्ता, दोन विश्लेषकांना तीन आठवडे पुरतात. जुन्या वाड्यात एका आकृतीखाली पाच-सहा खाती निघतात. नव्या इमारतीत नळजोडणी सोसायटीच्या नावावर एकच आणि कर खाती प्रत्येक फ्लॅटची. एका ठिकाणी नाव हिंदीत, दुसरीकडे इंग्रजीत, स्पेलिंग तिसरंच. हे प्रमाण कळल्याशिवाय ‘एक मालमत्ता एक क्रमांक’ला किती महिने आणि किती पैसे लागतील हे कोणीच सांगू शकत नाही, आणि पुढची बहुतेक कामं त्याच क्रमांकावर उभी राहणार आहेत.

तिसरं, काउंटर. झोन कार्यालयात बसून एका पावतीचा प्रवास लिहायचा: नागरिक पैसे देतो तिथपासून रोकडवहीत आणि खातेवहीत नोंद पडेपर्यंत, किती वेळा तीच माहिती हाताने पुन्हा टाइप होते. मुलाखती फक्त उपायुक्तांच्या घेऊन भागत नाही. पावती फाडणारे बाबू, जलप्रदायचे व्हॉल्वमन आणि कचरागाडीचे दरोगा यांच्या मुलाखती निविदेत संख्येने लिहा, म्हणजे टाळता येणार नाहीत. आणि त्या हिंदीत होतील हेही लिहा.

कॅमेऱ्यांबद्दल. स्मार्ट सिटी मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं, आता देखभालीचा भार निगमवर. सल्लागाराला ‘नियंत्रण केंद्र, पुढची आवृत्ती’ सुचवायला फार आवडतं. आधी हिशेब मागा. एक कॅमेरा ४ एमबीपीएसने चोवीस तास चालला तर दिवसाला सुमारे ४३ जीबी, ३० दिवसांचे १.३ टीबी. हजार कॅमेरे म्हणजे १,३०० टीबी. नव्या एच.२६५ कोडेकवर प्रवाह निम्म्यावर आणता येतो, पण जुने कॅमेरे ते करतीलच असं नाही. प्रत्येक चौकाचं विचारा: हे चित्रण कोण पाहतं, किती दिवस ठेवायचं, हा खर्च निगमचा की पोलिसांचा? उत्तर नसेल तर त्या चौकावर नवा पैसा नको.

हप्ते असे बांधा: प्रारंभिक अहवालाला १० टक्के, सद्यस्थिती आणि डेटा तपासणीला २०, पर्यायांच्या तुलनेला २०, रकमांसह अंतिम आराखड्याला २५, पहिल्या दोन कामांच्या निविदा-मसुद्यांना १५, आणि उरलेले १० सहा महिन्यांनी, परिषदेच्या शंकांची उत्तरं देऊन झाल्यावर. ‘पर्यायांची तुलना’ हा टप्पा कोणी गाळू देऊ नका. प्रत्येक मोठ्या विषयाला तीन वाटा तरी मांडलेल्या हव्यात: आहे ते सुधारणं, ‘उपयोग’सारखं (UPYOG, नगरपालिका सेवांसाठीचं) खुलं व्यासपीठ, बाजारातली विकत प्रणाली. तिन्हींचा पाच वर्षांचा एकूण खर्च शेजारी शेजारी.

---

रामबाग_इंदूर

फारच उपयोगी. दोन शंका. एक, पार्षद विचारणार की आयआयटी, एसजीएसआयटीएस (इथलं अभियांत्रिकी महाविद्यालय) किंवा एमपीएसईडीसी (राज्याचं इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळ) असताना खासगी सल्लागार कशाला? दोन, सल्लागाराला निगमचा किती डेटा द्यावा लागतो? डिसेंबर २०२३ मध्ये ई-नगरपालिकेवर सायबर हल्ला होऊन राज्यभरची कामं अडली होती, त्यामुळे या मुद्द्यावर सगळे सावध आहेत.

---

निविदा_कक्ष

पहिल्या शंकेचं थोडक्यात: शिक्षणसंस्थेकडे पाच महिने सलग फिरणारी ३४ मनुष्य-महिन्यांची फळी नसते. प्राध्यापक शिकवण्याच्या वेळापत्रकात अडकलेले असतात. त्यांना तांत्रिक मूल्यमापन समितीत घ्या आणि प्रत्येक टप्प्याचा अहवाल मानधन देऊन तपासून घ्या. एमपीएसईडीसी ही राज्याची संस्था, राज्याचं डेटा सेंटर तिच्याकडे, म्हणून तिचा प्रतिनिधी सुकाणू समितीत हवाच. पण पुढे होस्टिंग देणारा तीच असू शकते, म्हणून आराखडा तिच्याकडून लिहून घेणं मला पटत नाही.

हितसंबंधांचं कलम इथेच येतं. आराखडा लिहिणारी संस्था, तिची उपकंपनी आणि भागीदार यांना त्या आराखड्यातून निघणाऱ्या कोणत्याही कामात बोली लावता येणार नाही, हे निविदेत आणि करारात दोन्हीकडे. फक्त ‘सल्लागार’ एवढा शब्द लिहिला तर भगिनी कंपनी बोली लावते. त्याच संस्थेला पुढे प्रकल्प देखरेख कक्ष म्हणून आपोआप मुदतवाढ देता येणार नाही, हेही लिहा. नाहीतर पाच महिन्यांसाठी आलेली माणसं पाच वर्षं निगमच्या खुर्च्यांवर बसतात आणि निगमची स्वतःची संगणक शाखा रिकामीच राहते.

---

लॉग_१८०

दुसऱ्या शंकेबद्दल. आराखड्यासाठी नागरिकांची नावं, मोबाइल, समग्र क्रमांक (राज्याचा कुटुंब-व्यक्ती ओळख क्रमांक) लागतच नाहीत. आकडेवारी आणि मुखवटा घातलेले (ओळख झाकलेले) नमुने पुरतात. वरची २५० मालमत्तांची तपासणी निगमच्या कार्यालयात, निगमच्या यंत्रावर, निगमचा कर्मचारी शेजारी असताना करायची. सल्लागाराच्या लॅपटॉपवर कर नोंदवहीची एक्सेल गेली की ती परत येत नाही. डीपीडीपी कायदा २०२३ (वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा) मध्ये जबाबदारी डेटा गोळा करणाऱ्यावर आहे आणि दंडाची कमाल २५० कोटी आहे. ‘सल्लागाराकडून फुटलं’ हे कारण तिथे चालत नाही.

नेटवर्कचे नकाशे, आयपी पत्ते आणि त्रुटींची यादी वेगळ्या गोपनीय परिशिष्टात घ्या. मूळ अहवाल वेबसाइटवर टाकायचा आहे, माहिती अधिकारातही मागितला जाणार आहे. परिशिष्ट वेगळं नसेल तर कोणीतरी भीतीपोटी सगळाच अहवाल दडवतो.

आराखड्यात किमान एवढं तपासून यावं: सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग (यंत्रांवर काय घडलं त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस भारतात ठेवायचे, तर हे करणारा माणूस निगममध्ये नावानिशी कोण आहे? रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार? बॅकअप कुठे आहे, आणि तो परत चढवून शेवटचा कधी पाहिला? बॅकअपचं सॉफ्टवेअर हिरवी खूण दाखवत असतं आणि प्रत्यक्ष फाइल उघडत नाही, हे सर्रास घडतं. म्हणून एका प्रणालीचा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर चढवून दाखवणं हीच सद्यस्थिती अहवालाची अट करा, साधारण दोन दिवसांचं काम आहे. आणि राज्याची प्रणाली बंद पडली तर झोनच्या काउंटरवर पावती कशी फाडायची, नंतर ती नोंद आत कशी घालायची, हेही लिहून मागा.

---

जीआयएस_आणि_पाणी

एक राहिलंच. माणसांना ४५ गुण दिलेत, तर ती माणसं टिकवण्याचं कलमही तेवढंच कडक हवं. कार्यादेशानंतर महिनाभरात टीम लीडर ‘वैयक्तिक कारणाने’ बदलला जातो, हे इतक्या वेळा होतं की ते गृहीतच धरा. कलम असं: मुख्य माणसांपैकी कोणी बदलला तर येणाऱ्याचे गुण जाणाऱ्याइतके किंवा जास्त हवेत आणि निगमने मुलाखत घेऊन मान्य करायला हवं. पहिल्या बदलाला त्या माणसाच्या उरलेल्या रकमेच्या १० टक्के कपात, दुसऱ्याला २० टक्के. आजारपण आणि मृत्यू वगळून. टीम लीडरने महिन्याला किमान बारा दिवस इंदूरमध्ये हजर असावं आणि हजेरी निगमच्या रजिस्टरवर. सादरीकरणही त्यानेच करायचं, संस्थेच्या विक्री प्रतिनिधीने नाही.

मूल्यमापनाच्या वेळी त्यांनी आधी केलेल्या दोन शहरांना समितीने स्वतः फोन करावा, प्रमाणपत्रावर विसंबू नये. तिथल्या लेखा शाखेला विचारायचं: या आराखड्यातली कोणती कामं अर्थसंकल्पात आली, कोणती नाही, आणि का. संगणक शाखेला विचारायचं: अहवालातला कोणता तक्ता तुम्ही अजून उघडता. आणि त्या अहवालाची प्रत मागवून घ्या. दोन शहरांच्या अहवालांत शिफारशींची पानं शब्दशः सारखी निघाली तर ‘कामाची पद्धत’चे २५ गुण कसे द्यायचे ते समितीला कळेल.